म्यान सदतीसचं, सुरी सदुसष्टची

सुरीचं वय सांगायला मला दहा सेकंद लागतात. उक्कीला चार. आणि उक्कीला दिसत नाही.

उक्की म्हणजे माझा आजोबा, ऑनी लॅम्पिनेन. सहा वर्षांपासून त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट गोळा बसलाय. माणूस समोर उभा राहिला तर त्याला कान दिसतात, चेहरा दिसत नाही. "बरंच आहे," तो म्हणतो, "आमच्या ऑगर फॉल्समधल्या लोकांचे कानच त्यातल्या त्यात बघण्यासारखे आहेत." पण आमच्या गावच्या नॉरबी कारखान्याची कुठलीही शिकारी सुरी त्याच्या हातात द्या, म्हणजे बघा मजा. कारखाना बंद पडून चाळीसच्या वर वर्षं झाली, आता तिथे गोदाम आहे, पण तिथल्या सुऱ्या जमवणारे लोक अजून विस्कॉन्सिनहून, मिनेसोटाहून गाड्या हाकत येतात आणि प्रदर्शनात उक्कीच्या टेबलासमोर रांग लावतात.

त्याचा अंगठा आधी मुठीच्या टोकाला जातो. नॉरबीची मूठ म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या. जुन्या सुरीत पात्याची शेपटी त्या सगळ्या चकत्यांमधून आरपार येते आणि टोकाला नटाने आवळलेली असते. पुढे कारखान्याला घाई झाली, नट गेला, आडवा खिळा आला. नट म्हणजे जुनी, खिळा म्हणजे नवी, इथून सुरुवात. मग शिक्का. महायुद्धाच्या आधी तीन ओळींचा, नंतर दोन, शेवटी शेवटी एकाच ओळीचा. अंगठ्याला शिक्क्याची अक्षरं लागत नाहीत, ती फार बारीक असतात. ती भिंगातून वाचायची मी.

हे काम मी दहा वर्षांची असल्यापासून करतेय, आता सोळावं संपलं. प्रत्येक शनिवारी उक्कीच्या स्वयंपाकघरात, टेबलावर वर्तमानपत्र पसरून. त्याचा पहिला धडा होता, म्यानाकडे बघायचंच नाही. "म्यान हे कोटासारखं असतं गं. कोणीही कोणाचाही घालून हिंडतो." हौशी लोक इथेच फसतात. म्यानावर जुनं साल कोरलेलं दिसलं की आत काय आहे ते बघायच्या आधीच त्यांचे डोळे भरून येतात.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करायची नाही. मग इतिहासाच्या मास्तरांनी त्यांच्या वडिलांची सुरी आणली, 'कोरियाच्या लढाईत वापरलेली', आणि मी उभी राहून सांगितलं की सर, ही लढाई संपल्यानंतर नऊ वर्षांनी बनलेली आहे. वर्गात असा काही हशा झाला! सर आधी लाल झाले, मग म्हणाले, "लॅम्पिनेन, तू वकील हो." त्या दिवसापासून माझा आवाज जो सुटलाय तो आटोक्यातच येत नाही, असं आई म्हणते. नको येऊ दे.

आता आमच्या घरातल्या सुरीबद्दल. उक्कीचा बाप, माझा पणजोबा ऐनो, नॉरबीच्या मूठ-विभागात कामाला होता. त्याने स्वतःसाठी एक सुरी बनवली आणि म्यानावर तापल्या तारेने अक्षरं डागली: ए. एल., १९३७. घराण्याचा नियम असा, की प्रत्येक पिढीत जो पहिल्यांदा नर हरीण मारेल त्याची ती सुरी. उक्कीनंतर ती डेल काकाला मिळाली, एक्क्याऐंशी साली. तेव्हापासून ती जंगलातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत, म्हणजे कॅम्पमध्ये, दाराच्या वर खिळ्याला लटकतेय. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मला सुऱ्यांचं एवढं वेड, पण ही एक सुरी मी फक्त खालून बघितलेली. तीही म्यानासकट.

आमच्या पिढीत आम्ही दोघंच. डेल काकाचा ब्रॉडी आणि मी. ब्रॉडी माझ्याहून वर्षाने लहान, पण शिकारीला माझ्या आधी जायला लागला. तीन हंगाम गेले, त्याने एक बर्चचं झाड, एक पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याच्या सीमेवरची पाटी एवढं मारलं.

पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडतो. शाळेला सुट्टीच असते, मास्तरही जंगलात असतात. सकाळी साडेआठला बर्फात माझ्यासमोर आठ टोकांच्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला. बाबा शेजारी श्वास धरून बसलेले. मी मारला. एका गोळीत. माझ्या साध्या नारंगी मुठीच्या सुरीने मीच तो साफ केला, कोपरापर्यंत रक्त, आणि बाबा नुसते म्हणाले, "छान केलंस." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

त्या दुपारी कॅम्पवर सॉनाची वाफ घेऊन झाली, मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या गरम झाल्या, आणि डेल काका बाकावर चढला.

"चला लॅम्पिनेन मंडळी, टोप्या काढा! ब्रॉडी, तोंड पाडू नकोस रे. पुढच्या वर्षी तूही मारशील. झाडांनी तर तुझी धास्तीच घेतलीय."

सगळे हसले. ब्रॉडी पास्टी खात राहिला. खरं तर त्याने तोंड पाडलेलं नव्हतंच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

काकाने म्यान काढून माझ्या हातात ठेवलं. ए. एल., १९३७. मीही आधी म्यानच बघत राहिले, हौशी लोकांसारखी. मग मी सुरी बाहेर ओढली.

दहा सेकंद लागलेच नाहीत. मुठीच्या टोकाला आडवा खिळा. पात्यावर एका ओळीचा शिक्का.

"काय गं," काका म्हणाला, "एवढी बडबडतेस आणि आता वाचा बसली?"

"उक्की," मी म्हणाले, "तू सांग ना हिचं वय. सगळ्यांसमोर. मजा येईल."

"त्याला कशाला त्रास देतेस? सगळ्यांना माहीत आहे," काका घाईने म्हणाला.

"असू दे ना काका. एकदा."

मला तर काकाचीच फजिती करायची होती! मला वाटलं, यानेच कुठेतरी हरवली असणार नाहीतर विकली असणार, आणि तशीच एक आणून म्यानात कोंबली. उक्की आता याची सालटी काढणार. मी शेकोटीजवळ जाऊन सुरी उक्कीच्या हातात दिली. त्याचा अंगठा टोकाला गेला. खिळ्यावर थांबला. ते थांबणं मला ओळखीचं आहे. कोणी खोटी सुरी घेऊन आलं की तो असाच थांबतो आणि ओठ आत ओढतो.

"सदतीस," उक्की म्हणाला. "माझ्या बापाची."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. उक्कीने सुरी मला परत दिली, टोक माझ्याकडे करून. असं त्याने कधी केलं नव्हतं.

घरी जाताना मी बाबांना म्हणाले, "ती सुरी ती नाहीये."

"उक्कीने सांगितलं ना."

"त्याचा अंगठा खिळ्यावर होता, बाबा."

बाबांनी वायपर लावला. "म्हातारा झालाय गं तो. डोळे गेले. आता बोटं जात असतील."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आल्यावर जाईना. बोटं जातायत! डोळ्यांनंतर त्याच्याकडे तेवढंच तर होतं. मी माझी सुरी विसरले, काकाला विसरले. दोन आठवडे मी फक्त एकाच गोष्टीचा विचार केला, की डिसेंबरच्या प्रदर्शनात विस्कॉन्सिनहून आलेल्या लोकांसमोर उक्कीचं हसं होणार, आणि ते मी होऊ देणार नाही. मी ठरवून टाकलं, तो चुकला की मी टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला हात लावीन. एकदा म्हणजे जुनी, दोनदा म्हणजे नवी. त्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगायचं कसं, याची मी आरशासमोर तालीमसुद्धा केली. एवढी मी शहाणी.

प्रदर्शन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरतं. बंब बाहेर काढून ठेवतात, आत टेबलं लावतात. उक्कीचं टेबल कॉफीच्या भांड्याशेजारी. पहिली सुरी आली. अंगठा गेला.

"नट. मुठीत तांबड्या चकत्या दोन, मग पितळ. आयली, ओळी किती?"

"तीन."

"एकोणचाळीस."

बरोबर. माझा हात त्याच्या गुडघ्यापर्यंत जाऊन परत आला. दुसरी बरोबर. तिसरी तर कोणीतरी मुद्दाम फसवायला आणली होती, जुनं पातं आणि नवी मूठ. उक्की म्हणाला, "दोघांचं लग्न कोणी लावलं? घटस्फोट द्या." रांग खदखदून हसली. पाचवी, नववी, चौदावी. एकही चूक नाही. एकोणीस सुऱ्या झाल्या. त्याची बोटं कुठेच गेली नव्हती. तो चुकावा असं मला वाटायला लागलं होतं. एकदा तरी चूक, उक्की. एकदाच.

मग मी दप्तरातून ती काढली. म्यान आतच ठेवलं.

"पुढची," मी म्हणाले. "एका बाईंची आहे. भाऊ वारला, त्याच्या सामानात सापडली."

चार सेकंद. "खिळा. चकत्या पातळ आहेत, चामड्यात काटकसर केलीय. शिक्का एका ओळीचा असणार."

"आहे."

"मग सदुसष्ट. फार तर अडुसष्ट. बाईंना सांग, भाऊ चांगला असेल पण सुरी कांदे कापायचीच आहे."

रांग परत हसली. मी म्यान काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याची बोटं अक्षरांवरून गेली. ए. मग एल. सालापर्यंत गेलीच नाहीत.

"आयली," तो हळू म्हणाला. "लोक उभे आहेत."

"मग पटकन सांग. खरी कुठे आहे?"

"ब्रॉडीकडे."

"ब्रॉडीने काय मारलं? पाटी?"

"डेलच्या मनात होतं." उक्कीने म्यान टेबलावर ठेवलं आणि परत उचललं. "आणि मीही हो म्हणालो. तू उद्या लग्न करशील, दुसरं नाव लावशील, सुरी त्या घरात जाईल. ब्रॉडी लॅम्पिनेनच राहणार. एवढाच विचार."

"मग तोंडावर सांगायचं होतं ना, पोरींना मिळत नाही म्हणून! मी भांडले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

रांगेतल्या पहिल्या माणसाने दुसरीकडे बघितलं आणि कॉफी ओतून घेतली. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ देत नव्हते.

"काकाचं ठीक आहे. त्याला वाटलं असेल, हिला काय कळतंय. पण तुला माहीत होतं ना मला कळणार ते?"

"माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं," उक्की म्हणाला, "तू माझ्यासाठी गप्प बसशील."

आणि मी बसलेच होते की! दोन आठवडे, पार गुडघ्यापर्यंत हात नेऊन. हे मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत उरलेल्या अकरा सुऱ्यांचे शिक्के वाचून दिले, त्यातल्या एकाही ओळीत मी चुकले नाही. सामान आवरताना तो म्हणाला, "उद्या मला डेलकडे ने. तुझी सुरी तुला घेऊन देतो. शब्द देतो." आणि मी इतकी मूर्ख, की तेवढ्यावर खूश झाले.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गेलो. डेल काका गॅरेजमध्ये बर्फगाडीखाली आडवा झालेला. उक्कीने दारातच सांगितलं, "सुरी आण. मुलीची आहे, मुलीला द्यायची."

काका बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरलं होतं. "समाधान झालं का वकीलबाईंचं? घरात भांडण लावून?"

"मी वय सांगितलं, काका. भांडण तुम्ही म्यानात घालून दिलं होतंत."

"जीभ बघा हिची!"

"डेल," उक्की म्हणाला. "आण."

पण ब्रॉडीच धावत आला. त्याला कालच्या भांडणाचं काहीच माहीत नव्हतं, भाबडं पोरगं खुशीत होतं. "उक्की! बरं झालं आलास. आजच तुला दाखवायला आणणार होतो, पप्पा नको म्हणाले. पार काळी पडली होती रे. काल दिवसभर पॉलिशच्या चाकावर धरली. बघ आता, चेहरा दिसतो तिच्यात!"

दिसत होता. माझा चेहरा दिसला मला तिच्यात, चमच्यात दिसतो तसा लांबुळका. ऐंशीच्या वर वर्षांचा काळसरपणा गेला होता. पणजोबाने कानशीने घासल्याच्या रेघा गेल्या होत्या. मुठीचं चामडं तासून वर वॉर्निश मारलं होतं, आणि टोकाचा नट घासून घासून नुसतं गुळगुळीत बटण राहिलं होतं.

उक्कीच्या अंगठ्याने ते बटण चाचपलं. मग पात्याचा माथा. मग परत बटण. तो जवळच्या टायरांच्या थप्पीवर बसला.

"आयली. शिक्का बघ."

मी भिंग काढलं. खिडकीशी नेऊन बघितलं, तिरपं धरून बघितलं, श्वासाची वाफ सोडून बघितलं. तीन ओळींच्या जागी एका अक्षराचा पाय उरला होता, तोही असेल असं वाटलं म्हणून दिसला असावा.

"काही नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. काही नाही."

"अरे पण चांगली तर दिसतेय!" काका म्हणाला.

"मी चुकलो का काही?" ब्रॉडीने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. आणि मला त्याच्यावर रागावता येईना. जुनी सुरी चाकावर धरायची नसते, हे त्याला सांगणार कोण? ते सगळे शनिवार मला मिळाले होते. सुरी त्याला दिली आणि तिची किंमत कळायची अक्कल मला दिली, अशी त्यांनी वाटणी केली होती.

उक्कीने सुरी उलटी धरली आणि मूठ माझ्यापुढे केली. "घे. तुझीच आहे. आधीपासून तुझीच होती."

"आत्ता?"

"आत्ता. डेल, तू मध्ये बोलू नकोस."

तिची मूठ माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर होती. मला ती हवी होती, खोटं कशाला बोलू. अशीही हवी होती. पण ती घेतली असती तर सगळं मिटलं असतं. काकाने मला पास्टी खायला बोलावलं असतं, उक्कीने शनिवारी वर्तमानपत्र पसरलं असतं, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, पोरीला मिळाली बुवा एकदाची.

"मला नको," मी म्हणाले. "लॅम्पिनेनच्या घरात राहायला हवी होती ना तुम्हाला? राहू द्या."

"आयली."

"खरंच नको."

म्यान आणि सदुसष्टची सुरी मी काकाच्या कामाच्या टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी, एकमेकांत न घालता. ब्रॉडीला म्हटलं, "तेल लाव तिला आजच. असं उघडं लोखंड ठेवलंस तर महिन्यात गंजेल." तो बिचारा "हो" म्हणाला आणि खरंच तेलाचा डबा शोधायला लागला.

गाडीपर्यंत उक्की माझ्या खांद्याला धरून आला, कारण अंगणात बर्फ होता आणि तो पडला असता. दार मी उघडलं. बसवलं. एरवी सीटचा पट्टाही मीच लावते, कारण ती खाच त्याला दिसत नाही, नेमकी त्या धुरकट गोळ्यात जाते. मी वळसा घालून माझ्या जागेवर बसले आणि गाडी सुरू केली.

"मेमध्ये एस्कनाबाला मोठं प्रदर्शन आहे," तो म्हणाला. पट्ट्याचं टोक हातात घेऊन तो खाच चाचपत होता. "तू येशील ना?"

पट्टा लागला नाही की आमची गाडी टुंग टुंग वाजत राहते. चार मैल ती वाजत होती.